ढगातल्या रानातील भटकंती आणि आपली प्रकृती

श्रावण जवळ आला की दवाखान्यात एक ठरावीक प्रश्न ऐकू येऊ लागतो. "डॉक्टर, पंधरा ऑगस्टला जोडून सुटी आली आहे, चार कुटुंबे मिळून आंबोलीला जाणार आहोत. बरोबर कोणत्या गोळ्या ठेवू?" आंबोलीच्या जागी कधी भीमाशंकर असते, कधी महाबळेश्वर, कधी कोयनेकडचा भाग. मी गोळ्यांची नावे सांगण्याआधी विचारतो, "अंगात काय घालणार आहात?" त्यावर मंडळी माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहतात. डॉक्टरांनी कपड्यांची चौकशी करावी हे त्यांना पटत नाही. परंतु पावसाळ्यात घाटमाथ्यावरच्या रानात चालायला जाणाऱ्या माणसाची प्रकृती बऱ्याच अंशी त्याच्या कपड्यांवरच ठरते. असे का, ते आज समजावून घेऊ.

प्रथम हे रान कसे आहे ते पाहू. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे कोकण ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीला येऊन धडकतात आणि वर चढू लागतात. हवा वर चढली की थंड होते, त्यातील बाष्पाचे बारीक थेंब होतात आणि ढग तयार होतो. आपण गावातून पाहतो तेव्हा ढग आकाशात असतो. घाटमाथ्यावर मात्र तो झाडांतून फिरत असतो. पाऊस थांबला तरी पाने, फांद्या, खोडावरचे शेवाळ ढगातले पाणी टिपत राहतात आणि झाडाखाली टपटप चालूच राहते. अंजनी, जांभूळ, पिसा अशा सदाहरित झाडांची ही गच्च राई. खोडाखोडांवर शेवाळाचा जाड थर, त्यात नेचे आणि आमरीची फुले. दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. शास्त्रज्ञ काटेकोर अर्थाने ज्याला ढगातले जंगल म्हणतात ते याहून अधिक उंचीवर असते, आपल्या देशात नीलगिरीच्या माथ्यावरील शोला रानांसारखे. तथापि जून ते सप्टेंबर या काळात आपल्या घाटमाथ्यावर चालणाऱ्याच्या शरीराला जो अनुभव येतो तो जवळपास तोच असतो.

पुष्कळांना उंचीची भीती वाटते. "वर हवा विरळ असते, दम लागेल," असे म्हणतात. ही भीती अगदी निराधार आहे. आपले छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच आहे आणि आंबोली सुमारे ७०० मीटर. फरक काय तो शंभर-सव्वाशे मीटरचा. राज्यातील सर्वांत उंच कळसूबाईचे शिखरसुद्धा १,६४६ मीटरच आहे. तेवढ्या उंचीवर प्राणवायू कमी पडून निरोगी माणूस आजारी पडत नाही. खरा फरक आहे तो पाण्याचा. आपल्याकडे वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आंबोलीला ७,००० मिलिमीटरच्या घरात. म्हणजे दसपट! पर्जन्यछायेत वाढलेले आपले शरीर, आपल्या सवयी, आपले कपडे हे सारे कोरड्या हवेसाठी घडलेले. ओल्या हवेत हीच सवय आड येते.

कूलर काय सांगतो?

मराठवाड्यातील वाचकाला ही गोष्ट समजावण्यासाठी कूलरइतके चांगले उदाहरण नाही. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे घरोघरी कूलर लागतो. गवताच्या ताट्यांवरून पाणी झिरपते, पंखा बाहेरची कोरडी हवा त्यातून ओढतो, पाण्याची वाफ होते आणि ती होताना हवेतली उष्णता घेऊन जाते. खोली गार पडते. तोच कूलर जुलै महिन्यात लावून पाहा. खोली गार तर होत नाहीच, उलट अंग चिकचिकते. कारण हवेतच एवढे बाष्प आहे की ताटीतले पाणी वाळत नाही. मुंबईच्या नातेवाइकांकडे कूलर का नसतो, याचेही हेच उत्तर.

आपले शरीर हा असाच एक कूलर आहे. त्वचा ही ताटी आणि घाम हे पाणी. चढ चढताना स्नायू तापतात, ती उष्णता बाहेर टाकण्यासाठी घाम येतो. पण नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. ही काही किरकोळ रक्कम नव्हे. एवढी उष्णता आत कोंडून राहिली तर सत्तर किलो वजनाच्या माणसाचे तापमान सुमारे दहा अंशांनी चढेल. तोच घाम अंगावरून नुसता ओघळून खाली पडला तर शरीराला त्याचा गारवा मिळत नाही, पाणी आणि मीठ मात्र वाया जाते.

ढगातल्या रानात घाम वाळणे अगदी बंद होत नाही, कारण आपली त्वचा तिथल्या हवेपेक्षा गरम असते. परंतु ते मंदावते. त्यातच आपली मंडळी बाजारातून घेतलेला जाड प्लॅस्टिकचा रेनकोट गळ्यापर्यंत बटणे लावून घालतात. मग आतली वाफ बाहेर जायला वाटच उरत नाही. कर्जतकडून खांडस गावातून गणेश घाटाने भीमाशंकरला चढणाऱ्यांची अवस्था मी पाहिली आहे. पायथ्याशी कोकणची उबदार, दमट हवा, अंगात रेनकोट आणि सरळ चढण. अर्ध्या तासात बाहेरून कोरडा राहिलेला माणूस आतून चिंब भिजलेला असतो. डोके जड होते, मळमळते, पायात गोळे येतात. वर पाऊस पडत असताना कोणाला उष्णतेचा त्रास होईल, हे कोणाच्या मनात येत नाही. म्हणून त्याला "पित्त झाले" असे म्हणून पित्ताची गोळी दिली जाते. त्याला खरे तर सावकाश चालणे, रेनकोट उघडणे आणि मीठ-साखरेचे पाणी यांची गरज असते.

तहानेचीही तिथे फसगत होते. आपल्या उन्हात घसा कोरडा पडतो, ओठ फुटतात, म्हणून आपण पाणी पितो. रानात सगळीकडे पाणीच पाणी, चेहऱ्यावर थेंब, हवा थंड. तहान लागतच नाही. घाम किती गेला हे कळायलाही मार्ग नाही, कारण कपडे पावसाने ओले की घामाने हे ओळखता येत नाही. म्हणून तहानेची वाट न पाहता चढणीवर दर वीस-पंचवीस मिनिटांनी अर्धा-पाऊण पेला पाणी प्यावे. लघवी गडद पिवळी होऊ लागली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. जलसंजीवनीची पाकिटे सोबत ठेवावीत. नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण बांधून दिले आहे, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच हे ठरवावे. झऱ्याचे पाणी कितीही निवळशंख दिसले तरी ते उकळल्याशिवाय पिऊ नये. वरच्या अंगाला गुरे चरत असतात, माकडे असतात, आणि अलीकडे माणसेही पुष्कळ असतात.

वारा लागला की उलटा खेळ

आता याच कूलरची दुसरी बाजू. रानातून चालत चालत आपण दरीच्या कडेला येतो. आंबोलीच्या कावळेसाद पॉइंटवर पावसाळ्यात वारा एवढा जोराचा असतो की दरीत पडणाऱ्या धबधब्याचे पाणी उलटे वर फेकले जाते. ते पाहायला गर्दी होते. चालणे थांबलेले, अंगातली ऊब ओसरत चाललेली, कपडे आतबाहेर ओले, आणि समोरून तुफान वारा. कूलरचा पंखा पूर्ण वेगाने लागला आहे आणि ताटीच्या जागी तुमचा ओला शर्ट आहे! ज्या घामाने तासाभरापूर्वी गारवा दिला नाही, तोच आता शरीराची ऊब झपाट्याने पळवू लागतो. शिवाय पाणी हे हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते.

पावसाळ्यात तिथला पारा साधारणतः १८ ते २२ अंशांच्या आसपास असतो. वाचक म्हणतील, जानेवारीत आमच्याकडे पारा दहा-बारा अंशांवर येतो, तेव्हा आम्हाला काही होत नाही. खरे आहे, पण तेव्हा आपण कोरडे असतो. धडधाकट माणूस चालत राहिला, पोटात अन्न असले, तर १८ अंशांत ओले होऊनही त्याला सहसा काही होणार नाही. प्रश्न येतो तो लहान मुलांचा, किडकिडीत अंगाच्या माणसांचा, साठी उलटलेल्यांचा आणि रात्रभर प्रवास करून उपाशीपोटी चालायला निघालेल्यांचा. हा शेवटचा वर्ग आपल्याकडे फार मोठा आहे. संभाजीनगरहून आंबोली साडेपाचशे किलोमीटरच्या वर. रात्रभर गाडीत पाय आखडून बसायचे, झोप नाही, पहाटे एक चहा, आणि थेट रानात. एक मुक्काम वाढवून पहिला दिवस विश्रांतीला द्यावा असे मी सांगतो, आणि सुटीचे दिवस मोजके असल्यामुळे ते कोणी ऐकत नाही, हेही मला माहीत आहे. कळसूबाई किंवा हरिश्चंद्रगडासारख्या अधिक उंच, उघड्या माथ्यावर रात्र काढणाऱ्यांनी तर हे अधिकच ध्यानात घ्यावे.

शरीराचे आतले तापमान ३७ अंशांवरून ३५ च्या खाली गेले की त्याला आम्ही शीतबाधा म्हणतो. आधी हुडहुडी भरते, हात बधिर होतात, बटण लावता येत नाही. मग माणूस अडखळू लागतो, बोलणे जड होते, चिडचिड करतो किंवा गप्प बसून राहतो, "तुम्ही पुढे व्हा, मी इथेच बसतो" म्हणतो. सर्वांत वाईट लक्षण म्हणजे कापणे आपोआप थांबणे. सोबत्यांना वाटते, चला, थंडी गेली. वास्तविक ऊब निर्माण करण्याची शरीराची ताकद संपलेली असते. अशा माणसाला प्रथम वाऱ्यापासून आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, डोके झाकावे, पाठीखाली काहीतरी घालून जमिनीपासून वेगळे करावे. शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तर गरम गोड चहा द्यावा. हातपाय जोराने चोळू नयेत आणि शेकोटीच्या अगदी जवळही बसवू नये. दारू तर मुळीच देऊ नये. दारूने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे क्षणभर ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते. पावसाळी पर्यटनस्थळी दारूच्या बाटल्यांचा जो खच पडलेला दिसतो तो पाहून मला रानापेक्षा त्या माणसांच्या प्रकृतीचीच काळजी अधिक वाटते.

आता कपड्यांकडे येऊ. मराठवाडा हा कापसाचा मुलूख. सुती सदरा, सुती उपरणे हे आपल्या उन्हाळ्यातले सोबती, कारण सूत घाम शोषून घेते आणि सावकाश वाळत गारवा देते. रानात हाच गुण दोष ठरतो. सुती कापड भरपूर पाणी धरते आणि वाळतच नाही. जीन पॅन्ट तर सर्वांत वाईट, ओली झाल्यावर पायात वजन बांधल्यासारखी होते. त्यापेक्षा साधी टेरिकॉटची किंवा ट्रॅकसूटची पॅन्ट बरी. लोकरीचे मात्र विशेष आहे. ती ओली झाली तरी पुष्कळशी ऊब राखते. घाटमाथ्यावरचे धनगर पावसात घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतात आणि दिवसभर गुरांमागे फिरतात, ते काही गरिबीमुळे नव्हे. शेतात लावणी करणारी कोकणी माणसे पाठीवर पानांचे इरले घेतात. पाणी वरून निघून जाते आणि खालून वारा खेळतो. आपल्या प्लॅस्टिकच्या रेनकोटपेक्षा ते इरले कितीतरी शहाणपणाचे. रेनकोट घ्यायचा तर सैल घ्यावा, चढताना पुढून उघडा ठेवावा आणि वाऱ्यात आल्यावर बंद करावा. एक कोरडा सदरा, लोकरीची टोपी आणि मोज्यांचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवावा आणि चालणे थांबेपर्यंत त्याला हात लावू नये. त्या पिशवीत हे वर्तमानपत्रही वाचून झाल्यावर घालून ठेवायला हरकत नाही. कोरड्या कागदाचे दोन-चार थर स्वेटरच्या आत छातीवर घातले तर वारा चांगला अडतो, आणि मुक्कामी ओल्या बुटांत बोळे करून कोंबले की सकाळपर्यंत बूट बरेच कोरडे होतात.

मधुमेह्यांसाठी थोडे अधिक

आमच्याकडील एक शिक्षक, वय बावन्न, मधुमेहासाठी गोळी चालू. सकाळी नेहमीप्रमाणे गोळी घेतली, मंडळींना आवरायला उशीर झाला म्हणून नाश्ता वाटेत करू असे ठरले आणि तो राहूनच गेला. रानातून सात-आठ किलोमीटर चालून एका पॉइंटवर पोचले तेव्हा ते थरथर कापत होते, बोलणे अडखळत होते. सर्वांनी ठरवले की थंडी वाजली. टपरीवरून चहा आणला. मित्रांनी काळजीपूर्वक सांगून तो बिनसाखरेचा करून घेतला होता, कारण सरांना शुगर आहे! चहा पिऊनही ते सावरेनात, उलट मित्रावरच खेकसू लागले. त्यांच्या पत्नीच्या लक्षात आले की कपाळावर थंड घाम आहे. आदल्या दिवशी कोल्हापूरला घेतलेला अंबाबाईच्या प्रसादाच्या पेढ्यांचा पुडा पिशवीत होता. तिने दोन पेढे खाऊ घातले, नंतर चहात चार चमचे साखर घालून पाजली. पंधरा-वीस मिनिटांत सर पूर्ववत झाले आणि काय घडले ते त्यांना धड आठवतही नव्हते.

रक्तातील साखर उतरल्याची लक्षणे आणि थंडी बाधल्याची लक्षणे एकमेकींत अशी मिसळतात. कापणे, अडखळणे, चिडणे, गोंधळणे दोन्हींत सारखेच. म्हणून मधुमेही माणूस रानात कापू लागला तर आधी साखर द्यावी आणि मग बाकीचा विचार करावा. पेढ्यापेक्षा नुसती साखर, गूळ किंवा ग्लुकोजची पूड अधिक लवकर लागू पडते, कारण पेढ्यातील स्निग्धामुळे साखर पोटातून सावकाश पुढे जाते. पण जवळ जे गोड असेल ते चालेल. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दीर्घ चालण्याचा परिणाम त्या दिवशी रात्रीही टिकतो, झोपेत साखर उतरू शकते. म्हणून निघण्यापूर्वी गोळी किंवा इन्सुलिनचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे, स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. आपल्याकडच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिक्की ही रानात नेण्यासाठी उत्तम शिदोरी आहे. घरी साखर तपासण्याचे यंत्र नेत असाल तर पट्ट्यांच्या डबीचे झाकण घट्ट लावा. दमट हवेने पट्ट्या खराब होतात आणि आकडे चुकतात.

मधुमेह्याच्या पायांना संवेदना कमी असेल तर ओल्या बुटात दिवसभर काय चालले आहे हे त्याला कळत नाही. फोड येतो, फुटतो, चिघळतो, आणि तो आमच्याकडे पंधरा दिवसांनी येतो. सहलीसाठी नवे कोरे बूट घालू नयेत. मुक्कामी पोचल्याबरोबर पाय धुवावेत, बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करावेत आणि दुसऱ्या कोणाकडून तळपाय पाहून घ्यावेत.

दम किती आहे हे तपासायला दूर जायला नको. आपला देवगिरी किल्ला आहे. सुमारे दोनशे मीटर उंचीचा तो डोंगर, अंधारी वगैरे धरून, सावकाश पण छातीत न दुखता, न घेरी येता जो बारादरीपर्यंत चढू शकतो, त्याला घाटमाथ्यावरची सपाटीची भटकंती जड जाऊ नये. ज्याला मध्येच छातीवर दडपण येते, त्याने सहलीचे आरक्षण करण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्यावी. दमेकऱ्यांनी फवाऱ्याचे औषध पिशवीच्या तळाशी न ठेवता खिशात ठेवावे. ढगातला गारवा आणि कुजलेल्या पाल्यावरची बुरशी या दोन्हींमुळे दमा उसळू शकतो.

जळवांविषयी मात्र लोक नको इतके घाबरतात. सुटीहून आलेली माणसे पडल्या-झडल्याचे सांगत नाहीत, पण जळू किती लागल्या ते बोटे मोडून सांगतात. चिंचोक्याएवढा हा जीव पाल्यातून येऊन पायावर चढतो, चावल्याचे कळतही नाही, पोट भरले की गळून पडतो. जळवेच्या लाळेत हिरुडिन नावाचे द्रव्य असते, त्यामुळे रक्त गोठत नाही आणि ती सुटल्यावरही तासन्‌तास झिरपत राहते. पांढरा मोजा लाल झालेला पाहून माणूस हबकतो. प्रत्यक्षात गेलेले रक्त थोडेच असते. जळू आपल्याला परकी नाही. सुश्रुतसंहितेत तिच्यावर स्वतंत्र अध्याय आहे आणि सहा विषारी, सहा निर्विष असे बारा प्रकार सांगितले आहेत. जळू ओढून काढू नये, तिला डागूही नये. मीठ-तंबाखू टाकली की ती सुटते खरी, पण सुटताना पोटातले जखमेत ओकण्याचा संभव असतो. नख आडवे धरून तिच्या निमुळत्या टोकाखाली सरकवावे, तोंड सुटते. मग जाडसर टोक सोडवावे. जखम साबणाने धुऊन पाच-दहा मिनिटे दाबून धरावी. हृदयासाठी रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना अधिक वेळ दाबावे लागेल. मीठ-तंबाखूचे पाणी मोज्यांना आधीच लावून ठेवण्याची स्थानिकांची पद्धत बरी आहे.

सापांबाबत एवढेच सांगतो की या रानात चापडा नावाचा हिरवट साप फांदीवर निश्चल बसलेला असतो. झुडपाला हात घालण्याआधी पाहावे. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषासाठी तयार केलेली असते, चापड्याच्या नाही. त्यामुळे त्याचा दंश झाल्यास रुग्णालयात देखरेखीखालीच राहावे लागते. दंशाच्या जागी चिरणे, चोखणे, आवळून दोरी बांधणे यांपैकी काही करू नये.

खरे जीव जातात ते पाण्याने आणि पाय घसरून. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुले होती. ज्या खडकावर उभे राहून ती मंडळी पाणी खेळत होती, तिथेच काही वेळात लोंढा आला. वर डोंगरात पाऊस किती झाला हे खाली उभ्या असलेल्याला ढगामुळे दिसत नाही. पाणी गढूळ झाले, त्यातून काटक्या-पाला वाहू लागला, आवाज बदलला, की फोटो राहू द्यावा आणि बाहेर पडावे. ढगात वाट हरवली तर उतरत्या ओढ्याने खाली जाऊ नये, तो कड्यावर नेऊन सोडतो. एकत्र एका जागी थांबावे, शिट्टी वाजवावी. ढग तासा-दोन तासांत विरळ होतो.

घरी आल्यावरचा ताप

सहल संपली तरी दोन-तीन आठवडे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कोकण आणि घाट उतारावर चिखलातून, साचलेल्या पाण्यातून अनवाणी किंवा पायाला जखम असताना चालल्यास लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. उंदरांच्या व गुरांच्या मूत्रातील जंतू जखमेतून शिरतात. बहुधा पाच ते चौदा दिवसांनी जोराचा ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे, डोळे लाल होणे अशी सुरुवात होते आणि पुढे कावीळ, मूत्रपिंडावर परिणाम इथपर्यंत मजल जाते. सुरुवातीलाच औषध मिळाले तर रोगी बरा होतो.

दिवाळीनंतर किंवा उन्हाळ्याच्या सुटीत सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग भागातील रानात जाणाऱ्यांनी माकडतापाचे नाव ऐकून ठेवावे. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली तो प्रथम ओळखला गेला आणि २०१६ साली दोडामार्गात त्याचे रुग्ण आढळले. गोचिडीच्या चाव्याने तो होतो, डिसेंबर ते मे हा त्याचा मुख्य हंगाम. रानात माकडे मरून पडलेली दिसली तर जवळ जाऊ नये आणि गावात कळवावे.

आमची अडचण अशी होते की रोगी ताप घेऊन येतो आणि सहलीचे सांगतच नाही. त्याला वाटते, ती तर मजेची गोष्ट, तिचा तापाशी काय संबंध? आपल्याकडे बसलेला डॉक्टर आपल्या भागातले नेहमीचे ताप, म्हणजे विषमज्वर, डेंग्यू, मलेरिया, यांचाच विचार आधी करणार. म्हणून "अमुक तारखेला आंबोलीच्या रानात होतो, ओढ्यातून चाललो, जळवा लागल्या" असे आपण होऊन सांगावे. स्क्रब टायफस नावाच्या तापात तर निदान पुष्कळदा एका काळ्या खपलीवर अवलंबून असते. गवतातला सूक्ष्म किडा चावतो त्या जागी सिगारेटने भाजल्यासारखी वाटाण्याएवढी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही, आणि असते काखेत, कमरेच्या नाडीखाली, जांघेत किंवा स्तनाखाली, जिथे रोगी स्वतः पाहत नाही. डॉक्टरांनी कपडे सैल करून तपासू द्या असे म्हटले तर संकोच करू नये. स्त्रियांनी हवे तर परिचारिकेला बरोबर घेऊन तपासून घ्यावे. खपली सापडली तर साध्या, स्वस्त औषधाने हा ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो.